वाइंडरआत्याने सूर सरळ केला

तर तपासनीस साहेब दुकानाच्या पायरीवर उभे, एका हातात सरकारी बॅग आणि दुसऱ्या हातात घरचा टेबलफॅन, इथवर काल आलो होतो. तेवढ्यात चहा आला आणि साहेब बिचारे रात्रभर पायरीवरच राहिले. आता त्यांना आत घेऊ या.

बॅग आधी खाली ठेवावी की फॅन, हे साहेबांना ठरवता येईना. आत्याने पुढे होऊन फॅन घेतला. तिच्या लेखी दारात आलेला माणूस आधी गिऱ्हाईक, मग बाकी जे काय असेल ते. तिने पातं बोटाने फिरवलं, मोटर कानाशी धरून हलवली, नाक लावून वास घेतला आणि विचारलं, "तेल कोणी सोडलं यात?"

"घरातून सोडलं. शिवणयंत्राचं," साहेब ओशाळून म्हणाले. मग आपण सरकारी माणूस आहोत हे आठवून त्यांनी घसा खाकरला. "फॅन राहू द्या काकू. मी बिनतारी खात्यातून आलोय. तुमच्या त्या सेटबद्दल."

आत्याच्या हातातलं पातं फिरायचं थांबलं.

कालच्या बैठकीला जे नव्हते त्यांना आत्या कोण ते सांगायला हवं. अख्खी गल्ली तिला वाइंडरआत्या म्हणे. जळलेल्या मोटरींची तार काढायची आणि नवी भरायची, हा धंदा. दुकान बोळासारखं अरुंद. छताला पंख्यांची पाती टांगलेली, भिंतीवर तांब्याच्या तारेची वेटोळी बांगड्यांसारखी ओळीने लावलेली, आणि सगळीकडे वॉर्निशचा असा वास की नव्या माणसाला शिंका यायच्या. दुकान तिच्या सासऱ्यांचं. त्यांचा मुलगा, म्हणजे आत्याचा नवरा, गाण्याचा मास्तर. त्याला तार फक्त तंबोऱ्याची कळे. सासऱ्यांनी एकदा त्याला बॉबिन भरायला बसवलं, तर हा वेढे मोजता मोजता गुणगुणायला लागला आणि आकडा विसरला. असं तीनदा झाल्यावर सासऱ्यांनी सुनेला हाक मारली. सून बसली ती बसलीच. सासरे पुढे लोकांना सांगत, "मुलगा झाला तो गवई निघाला, वाइंडर मात्र लग्नात मिळाली."

आणि सुनेने माहेराहून आणलेला शौक म्हणजे बिनतारी. तिचे वडील तारमास्तर होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. संध्याकाळी एका बाकावर दोन पोरं बसवून ते त्यांना मोर्सची टिंब आणि रेघ शिकवायचे, चुकलं की कान पिळायचे. थोरला दादा आणि धाकटी ही. दादा पुढे जहाजावर बिनतारी सांभाळायला गेला, आणि जहाजं सुटल्यावर दूर एका बेटावर, दीपगृहाचा दिवा राखायच्या कामावर राहिला. नोकरी संपली तरी बेट सुटलं नाही. त्याचे कान वयाप्रमाणे गेले. टेलिफोनवर माणसाचं बोलणं त्याला नुसती खरखर वाटे, पण हेडफोनमधला मोर्सचा सूर लख्ख ऐकू येई. म्हणून रोज सकाळी, सूर्य वर येताना, बहीण इथून खटका दाबायची आणि भाऊ तिथून. ऊन चढलं की लहरींची वाट बंद. तेवढ्या वेळात काय ते बोलायचं. काय बोलायचे? गुडघा कसा आहे, मांजर व्याली का, काल काय खाल्लंस. आयुष्यभर एकमेकांना एवढंच विचारत आले आणि रोज नवं वाटे.

आता साहेबांची तक्रार. आत्याचा खटका दाबला की सूर नीट सरळ निघत नसे. वर सुरू व्हायचा आणि दाबलेला असेपर्यंत खाली घसरायचा. इतरांचं 'टी' वाजे, हिचं 'चिऊं'. दूरदूरचे हौशी रेडिओवाले तिला चिमणी म्हणत. मास्तरांचा तर जीव जाई. मागच्या खोलीत ती बसली की पुढच्या खोलीतून ते ओरडत, "अगं, सूर पडतोय! माझ्या शिकवणीतली पोरं बिघडतील!"

"पोरं तुमच्यामुळेच बिघडतात," ती आतून म्हणे. "माझ्यावर घालू नका."

साहेब मात्र गंभीर होते. "काकू, सरकारचं तुमच्याशी वैर नाही. पण तुमची चिमणी घसरत घसरत शेजारच्या स्टेशनच्या अंगणात जाते. दोघांनी लिहून कळवलंय."

"चिवचिवते म्हणून चिमणीचं घरटं मोडलं का कधी कोणी?"

"घरट्याला परवाना लागत नाही, सेटला लागतो. नूतनीकरण माझ्याकडे आहे. फॅन न्यायला येईन तेव्हा सकाळीच येईन आणि ऐकेन. सूर सरळ असला तर तिथल्या तिथे सही. नसला तर सेटला सील लावावं लागेल. मला आवडणार नाही, पण करावं लागेल." मग जाता जाता खालच्या आवाजात, "फॅनला वेळ लागला तरी चालेल. उन्हाळा लांब आहे." माणूस वाईट नव्हता.

सूर का घसरायचा, हे आत्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दोष तिनेच निवडून घेतलेला होता. घरातली वीज काचेच्या नळ्यांच्या सेटला तशीच चालत नाही. ट्रान्सफॉर्मरने ती चढवायची, मग एका दिशेने वाहती करायची, आणि मग तिच्या लाटा सपाट करायच्या. लाटा सपाट करणाऱ्यांचे दोन पंथ. पहिल्या पंथाचे लोक सुरुवातीलाच कंडेन्सर लावतात. कंडेन्सर म्हणजे टाकी. कोणी पाणी घेत नसेल तेव्हा काठोकाठ भरते, दाब मोठा दिसतो. पण खटका दाबला, सगळ्या नळ्या एकदम प्यायला लागल्या, की पातळी खाली येते आणि पातळीबरोबर सूरही. दुसरे लोक आधी चोक लावतात. चोक म्हणजे लोखंडाच्या गाभ्यावर तारेचे वेढेच वेढे. हा प्राणी जड आणि हेकट. काठोकाठ भरू देत नाही, पण खटका दाबा नाही तर सोडा, पातळी ढळूही देत नाही. म्हणजे कंडेन्सरवाल्याला जोर जास्त मिळतो आणि चोकवाल्याला स्थिरपणा.

आत्याने पहिला सेट बांधला तेव्हा तिच्याकडे ट्रान्सफॉर्मर होता एका बंद पडलेल्या सिनेमाघराच्या भोंग्याचा. लहानखुरा. त्याच्यापुढे चोक लावला असता तर सूर सरळ आला असता, पण भावाच्या बेटापर्यंत पोचला नसता. कंडेन्सर लावला तर घसरत का होईना, पोचत होता. तिने पोचणं घेतलं. पुढे चांगला ट्रान्सफॉर्मर ती कधीही गुंडाळू शकली असती, गावभराचे गुंडाळतच होती. पण तोवर दादाला त्या चिवचिवीची सवय लागली होती.

खरी अडचण तीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दादाला सगळं कळवलं. त्याचं उत्तर आलं, "मग मी तुला शोधू कसा? माझ्या डायलचा काटा केव्हाच सुटलाय. सकाळी शंभर जण एकसारखे वाजत असतात. मी चिऊं ऐकतो आणि तिथे थांबतो. एकेकाचं संकेतनाव वाचत बसलो तर ऊन चढेल."

"थोडं वाचायचं. म्हातारपणी अभ्यास बरा असतो."

"तू सुधरू नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे."

तिने खटका बाजूला सारला. चिमणी ठेवावी तर सेट जातो. चिमणी घालवावी तर दादा सापडत नाही. मास्तर चहाचे कप घेऊन आले. तिने सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, "सील लागलं तर भेट नक्की बंद. सूर सरळ केलास तर निदान तो शोधायची खटपट तरी करेल. भाऊ आहे तुझा, तहसीलदार नाही."

झालं, आत्याने कंबर कसली. नवा ट्रान्सफॉर्मर भरला, जास्त वेढ्यांचा, चोक जो जोर खाणार तो आधीच धरून. मग चोक. दोन्हींचं लोखंड मिळून एवढं झालं की जुन्या पेटीत मावेना. टेबलाखाली स्वतंत्र पेटी करावी लागली. समोरच्या छापखान्यातले दोन गडी ती उचलायला आले. एक म्हणाला, "आत्या, यात काय, पाट्याचे दगड भरलेत?" मास्तर म्हणाले, "मेहुण्याशी बोलायला एवढं लोखंड लागतं बघा. मी तर लग्नात नुसता नमस्कार केला होता."

चोकचा आणखी एक स्वभाव असा, की त्याला अगदी रिकामं ठेवलं तर तोही बिथरतो आणि दाब वर चढवतो. म्हणून त्याच्या पुढे एक रेझिस्टर कायमचा जोडून ठेवायचा, जो काही न करता थोडी वीज खात बसतो आणि गरम होतो. आत्याने हे समजावलं तर मास्तर म्हणाले, "म्हणजे घरात एक माणूस नुसता बसून खाणारा असला की घर स्थिर राहतं. मी इतकी वर्षं हेच सांगतोय."

सगळं जोडून आत्याने बटण दाबलं. नळ्या उजळल्या. खटका दाबला, आणि चिमणी गेली होती खरी, पण तिच्या जागी भुंगा आला होता. घूंऽऽ करत सूर गुरगुरत होता आणि टेबलाखालचा चोक हात लावू देत नव्हता, इतका तापला होता.

दोन दिवस तिने डोकं खाजवलं. कंडेन्सर बदलला, नळी बदलली, शेजारच्या गिरणीची वीज वाईट म्हणून गिरणीवाल्याला ऐकवून आली. शेवटी काहीच सापडेना तेव्हा मास्तरांवर घसरली, "तुम्ही जवळ गात होतात तेव्हापासून हे बिघडलंय."

मास्तरांनी थंड झालेला चोक उचलून मांडीवर घेतला आणि उगाच समजूत काढायला म्हणाले, "पण काम किती सुरेख केलंयस. या लोखंडाच्या पत्र्या बघ. केस जाईल एवढी फट नाही कुठे."

आत्याने कपाळावर हात मारून घेतला तो वॉर्निशच्याच हाताने.

झालं होतं असं. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या बसवताना एक या अंगाने, एक त्या अंगाने, हाताची बोटं एकमेकांत गुंतवावी तशा गच्च बसवतात. फट राहिली तर काम वाया. आयुष्यभर तिच्या बोटांनी हेच केलेलं. चोकचं मात्र नेमकं उलटं. त्याच्यातून वीज सदाची एकाच दिशेने वाहते. फट नसेल तर लोखंड पोट फुगेपर्यंत जेवल्यासारखं जड होतं आणि मग त्याच्याकडून काहीच होत नाही. म्हणून सगळ्या पत्र्या एका अंगाने लावायच्या, आणि तोंडाशी झाकणाच्या पत्र्या ठेवताना मध्ये कागदाची पट्टी घालायची. हे ती दुसऱ्या कुणालाही झोपेत सांगू शकली असती. पण पत्र्या भरताना ती मास्तरांशी भांडत होती, आणि बोटांनी आपली रोजची नोकरी केली.

"आता तुम्ही माझं कौतुक करू नका," ती म्हणाली. "केलंत की काहीतरी चुकलेलं निघतं."

वॉर्निशने घट्ट धरलेल्या पत्र्या एकेक करून ठोकून काढताना दुपार गेली. मास्तर पत्र्या पुसून देत होते आणि प्रत्येक पत्रीला नाव ठेवत होते. नव्याने भरल्यावर आत्याने लेदरॉइडची, म्हणजे चिवट जाड कागदाची, पट्टी कापली, फटीत सरकवली, पट्टा आवळला. बटण. नळ्या. खटका. आणि निघाला तो सूर असा सरळ, की मास्तर पुढच्या खोलीतून आत आले, दारात थांबले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हा. आता याच्यावर तंबोरा लावता येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या लवकरच बसली. आपलं संकेतनाव वाजवलं, दादाचं वाजवलं, थांबली. दुसरेच कोणी कोणी आले. "नवी दिसतेस, सूर काय सुंदर आहे!" म्हणाले. ज्यांनी तिला वर्षानुवर्षं चिमणी म्हटलं तेच तिला ओळख विचारत होते. तिने सगळ्यांना दोन शब्दांत वाटेला लावलं आणि पुन्हा दादाला हाक मारली. ऊन चढलं. वाट बंद झाली. दादा आला नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी साहेब आले. त्यांनी हेडफोन लावला, मान डोलावली, बॅगेवरच कागद ठेवून सही केली. फॅन चालू करून दाखवला तर तोही निःशब्द फिरला. साहेब इतके खूश, की म्हणाले, "काकू, फॅनलाही परवाना देऊन टाकतो." आत्या हसली, पण तोंडापुरतीच. कारण त्याही सकाळी तिने ऊन चढेपर्यंत हाका मारल्या होत्या आणि बेट गप्प होतं.

संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या कंडेन्सर परत लावते. एकदाच. नुसतं त्याला कळू दे मी कुठे आहे ते."

"आणि सील?"

"लागू दे. त्याला भेटता येत नसेल तर तो कागद घेऊन मी काय करू?" मास्तरांनी चेष्टा केली नाही. ते नुसते शेजारी बसले आणि तारेचं वेटोळं उगाच सरळ करत राहिले.

सकाळी तिने डाग द्यायला सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं, जुना कंडेन्सर हाताशी ठेवला. मास्तर म्हणाले, "आयर्न तापेपर्यंत एकदा वाजव तरी." तिने वाजवलं. खरं म्हणजे मास्तरांची समजूत काढायला वाजवलं. मग हेडफोनचा एक कान त्यांच्याकडे केला आणि आयर्नला हात घातला.

आणि गर्दीतून दादाचा सूर आला. बारीक, दबकत, दाराआडून डोकावून बघितल्यासारखा. तिने आयर्न टाकलं, पेन्सिल उचलली आणि एकेक अक्षर मोठ्याने बोलत उतरवायला लागली.

दादा म्हणत होता, "परवा ऐकलं. संकेतनाव धाकटीचं, सूर ती सरळ करणार हेही ठाऊक होतं, पण खटक्यावरचा हात तुमचा. शब्दाच्या शेवटच्या रेघेवर टेकून जरा उभं राहायची तुमची सवय. हेडफोन काढून ठेवला, सेट बंद केला आणि दिव्याच्या जिन्यावर जाऊन बसलो. काल परत तेच. वादळात कधी घाबरलो नाही, पण तुमच्यासमोर माझी बोटं अजून वळतात. आज धीर करून विचारतो. बाबा, तुम्ही का?"

मास्तरांना आधी हसू फुटलं, आणि मग बायकोचा चेहरा बघून त्यांनी ते आवरलं. ती आपल्याच उजव्या हाताकडे बघत होती. इतकी वर्षं बाबांची ती रेघ तिच्या हातात होती आणि चिवचिवीखाली कधी कुणाला दिसली नव्हती, तिला स्वतःलाही नाही. बाहेर ऊन खिडकीच्या चौकटीवर आलं होतं. फार वेळ नव्हता. तिने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि खटक्यावर बोटं ठेवली.

"बाबा नाही रे दादा, मी आहे. बाबा असते तर दोन दिवस गप्प बसलास म्हणून तुझा कान पिळला असता. मी धाकटी पडले, मला नुसतं रडता आलं. आता जिन्यावर पळू नकोस आणि आधी सांग, गुडघा कसा आहे?"